टोपलीतला कोट

सगळ्याची वाटणी झाली होती. एक टोपली तेवढी राहिली होती.

मशिनं वाटून झाली होती. कापायचं लांब टेबल थोरल्याकडे गेलं, काजं करायचं मशीन धाकट्याकडे राहिलं. मोठ्या इस्त्रीवरून सकाळी बरीच खडाजंगी झाली, ती आत्यानं मिटवली. दोन भावांच्या मधली बहीण म्हणून जन्माला आल्यापासून तिच्या वाट्याला हेच काम आलं होतं. एरवी ती दवाखान्यात नर्स होती. आज रजा काढून ती दोघांच्या मधे स्टुलावर बसली होती, आणि "तिथे पेशंट निदान झोपतात तरी" असं मधूनमधून म्हणत होती.

थोरल्यानं रस्त्यापलीकडे स्वतःचं दुकान थाटायचं ठरवल्यापासून दोघी जावांचं बोलणं तिसऱ्यामार्फत चाललं होतं. "चहा झालाय म्हणावं," असं थोरली भिंतीला सांगायची, आणि "ठेवा म्हणावं," असं धाकटी कपाटाला. धाकटीला हे आवडत नव्हतं. तिचा आवाज मुळातच मऊ. अबोला धरायचा तर तो धरलाय हे समोरच्याला कळेपर्यंत तिचं तिलाच वाईट वाटायला लागायचं. पण थोरलीनं एकदा "मशिनं चालवतो आम्ही आणि नाव होतं त्यांचं" असं म्हटलेलं तिच्या कानावर आलं होतं, आणि ते काही केल्या आतून निघत नव्हतं.

"आणि ती टोपली?" आत्यानं दाराजवळ बोट दाखवलं.

सगळे तिकडे बघायला लागले. टोपली म्हणजे या घराचा कायदाच होता. घरात कुणाचंही काही फाटलं, उसवलं, बटण निघालं की टोपलीत टाकायचं. ज्याचा हात मोकळा असेल त्यानं ते संध्याकाळच्या आत शिवून ठेवायचं. आणि कसं फाटलं हे विचारायचं नाही. हा नियम आबांचा, म्हणजे या तिघा भावंडांच्या वडिलांचा. आबा तरुणपणी एका शिंप्याच्या दुकानात उमेदवारी करत होते, तेव्हा त्यांचा मालक गिऱ्हाइकाला भर दुकानात विचारायचा, "काय हो, कुठे लोळत होता?" तेव्हाच आबांनी ठरवलं, की फाटकं घेऊन येणारा आधीच शरमलेला असतो, त्याला आणखी शरमवायचं नाही. दुकानातला नियम मग घरात आला. या घरातली पोरं फाटक्या गुडघ्यासाठी कधी बोलणी खात नसत, याचा आबांना फार अभिमान.

दुसरा नियम कात्रीचा. हातात कात्री असताना भांडायचं नाही. त्यामुळे थोरल्यानं कात्री टेबलावर ठेवली की घरातली मांजरसुद्धा उठून बाहेर जायची.

"टोपली माझ्याकडे राहू दे," आबा खाटेवरून म्हणाले. त्यांचे हात आता थरथरायचे, म्हणून मशीन सुटलं होतं. पण रफू अजून करायचे, कुणी सुईत दोरा ओवून दिला तर. "तुम्ही दोघं मशिनं घ्या, दुकानं घ्या. टोपलीची वाटणी नाही."

"बरं, पण आत आहे ते तरी काढा," थोरला म्हणाला. "कुणाचं काय ते घेऊन जा."

धाकट्यानं टोपली टेबलावर पालथी केली. दोन मोजे, एक उशीचा अभ्रा, आणि शाळेचा निळा कोट. पिटूचा.

पिटू म्हणजे धाकटीची मुलगी. जन्मली तेव्हा इतकीशी होती म्हणून पिटू, आणि आता सहावीत गेली तरी पिटूच.

"परत?" धाकटी म्हणाली. "परवाच मी याची बाही लावली. या मुलीला कपडा म्हणून सांभाळता येत नाही. टेलरच्या घरात जन्मलीय, कुणाला सांगितलं तर खरं वाटायचं नाही."

"परवा?" धाकटा म्हणाला. "परवा नाही गं. मी लावली. मागच्या आठवड्यात."

"डावी?"

"उजवी."

"मी डावी लावली," धाकटी म्हणाली.

"खिसा मी लावला होता," थोरली म्हणाली. ती कित्येक दिवसांनी थेट धाकटीकडे बघून बोलली, आणि हे दोघींच्याही लक्षात आलं नाही. "निम्मा लोंबत होता. मला वाटलं, पोरगी दगडगोटे भरत असेल."

थोरल्यानं कोट हातात घेतला आणि उलटा केला. सवयच होती त्याची. कपडा खरा कसा आहे ते उलट्या बाजूला कळतं, असं तो कारागिरांना सांगायचा. तोपर्यंत घरातल्या प्रत्येकानं तो कोट सुलटाच धरून, फाटलेल्या जागेपुरता बघितला होता.

सगळे कोटाच्या अस्तरावर वाकले.

या घरात टाक्यावरून माणूस ओळखू यायचं, जसं इतर घरांत अक्षरावरून येतं. धाकटा शेवटी दोरा दोनदा फिरवून गाठ मारायचा. थोरलीचे टाके किंचित तिरके, घाईचे पण पक्के. धाकटी दोरा नेहमी एक छटा गडद घ्यायची. थोरल्याचे टाके बारीक आणि सगळे सारखे, जणू मशीनचेच. आणि आबांचं रफू तर बोट फिरवल्याशिवाय सापडायचं नाही. ते सगळे टाके तिथे होते, एकाला लागून एक. काखेत, कॉलरखाली, पाठीच्या मधोमध, पुन्हा काखेत. कुठे एकावर एक. प्रत्येकाला वाटत होतं, आपण एकदा शिवला. कोट मात्र सगळ्यांच्या हातांखालून पुन्हा पुन्हा गेला होता.

"आबा, पाठीवर तुमचं रफू आहे," थोरला हळू म्हणाला. "पाठीवर पोरीचा कोट कसा फाटतो?"

"मी विचारलं नाही," आबा म्हणाले.

"आणि हे कुणाचं?" आत्यानं बोट ठेवलं.

एका बाहीच्या आत, मुंढ्यापाशी, म्हणजे बाही खांद्याला जोडतात तिथे, काळ्या दोऱ्याचे वेडेवाकडे टाके होते. मोठाले, ओढलेले, कापडाला चुण्या पाडणारे. गाठ नव्हती, दोरा नुसताच गुंतवून सोडला होता. असला टाका या घरात कुणी घालत नव्हतं. सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं, आणि कुणीच "माझा" म्हणालं नाही.

धाकटीला पिटूची कंपासपेटी आठवली. त्यात सुई होती. "हस्तकलेचा तास आहे," पिटू म्हणाली होती, आणि तिनं पेटी मिटली होती. मग एकेक आठवायला लागलं, जसं एक टाका उसवला की पुढचे आपोआप सुटत जातात. सकाळी सकाळी दुखणारं पोट, जे सुट्टीच्या दिवशी कधी दुखायचं नाही. घरात शिरल्या शिरल्या अधाशासारखं जेवण, डबा रिकामा असूनसुद्धा. शेजारच्या मैत्रिणीचं नाव तोंडात येणं बंद होणं. शाळेत जायचा तो लांबचा रस्ता. "तिकडून सावली असते," म्हणाली होती, आणि धाकटीनं ते खरं मानलं होतं, थंडीच्या दिवसांत.

तेवढ्यात पिटूच जिन्यातून खाली आली. तिच्यामागे काडी, म्हणजे थोरलीची मुलगी. त्याच शाळेत नववीत होती, अंगानं काटकुळी. पिटूनं टेबलावर उलटा पडलेला कोट पाहिला आणि ती पायरीवरच थांबली.

"मी शिवणार होते," ती म्हणाली. "चुकून टोपलीत गेला. द्या, मी शिवते."

थोरल्यानं कात्री टेबलावर ठेवली.

"कोण आहेत ती पोरं? नावं सांग."

"कुणी नाही काका."

"कुणी नाही? कोट काय वाऱ्यानं फाटतो? नाव सांग एकेकाचं, उद्या सकाळी त्यांच्या बापांना घेऊन..."

"उद्या कशाला? आत्ता चल," धाकटा उठलाच होता. सकाळपासून इस्त्रीवरून एकमेकांचं तोंड न बघणारे भाऊ आता खांद्याला खांदा लावून दारात उभे होते. "आणि तू गं, एक ठेवून द्यायची नाहीस? मार खाऊन येतेस ते येतेस, वर गप्प!"

पिटूनं दोन्ही हात पाठीमागे नेले. तिचा चेहरा असा मिटला, की धाकटीला वाटलं, आता हा पुन्हा कधी उघडायचा नाही.

"दोघेही खाली बसा," आत्या म्हणाली. आवाज चढवला नाही. दवाखान्यात ती याच आवाजात नातेवाईकांना बाहेर काढायची. "पोरगी तुम्हाला घाबरलीय. त्यांना घाबरायची ते वेगळंच, त्यात तुमची भर. दादा, कात्री हातात घे बघू परत."

थोरल्यानं मुकाट्यानं कात्री उचलली.

धाकटी उठली आणि जिन्याच्या खालच्या पायरीवर जाऊन बसली, म्हणजे पिटूला मान वर करावी लागू नये. मनात तिनं देवाचं नाव घेतलं, आणि जो प्रश्न या घरात कधी कुणी कुणाला विचारला नव्हता, तोच तोंडातून आला.

"कसं फाटलं गं?"

पिटूचे हात पाठीमागेच राहिले.

"मी तुला परवा बोलले ना, कपडे सांभाळत नाहीस म्हणून? चुकलंच माझं. आधी विचारायला हवं होतं. आता तू सांगेपर्यंत मी इथंच बसते. नाही सांगितलंस तरी बसते."

आबांचा श्वास तेवढा ऐकू येत होता.

"मागच्या जिन्यात," पिटू म्हणाली. "मधल्या सुट्टीत. तिघीचौघी असतात. एकीनं एक बाही धरायची, दुसरीनं दुसरी, आणि ओढायचं. बाकीच्या मोजतात."

"का पण?"

"खेळ आहे त्यांचा. पहिल्यांदा चुकून फाटला होता, खरंच. मग दुसऱ्या दिवशी मी गेले तर काही दिसतच नव्हतं, आबांनी इतकं छान केलं होतं. त्या म्हणाल्या, अरे, चिंधीचा कोट परत नवा झाला. मग परत फाडला. उद्या बघू, शिवून येतो का. मग रोज बघायला लागल्या." तिनं नाक पुसलं. "आपण छान शिवतो ना, म्हणून त्यांना मजा येते. मी शिवला तर छान होत नाही. मला वाटलं, मग त्या थांबतील."

आबांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. धाकट्यानं दाराची चौकट घट्ट धरली. तो रडतोय हे कुणाला दिसू नये, म्हणून आत्या मुद्दाम त्याच्यासमोर येऊन उभी राहिली.

"आणि थांबल्या?" धाकटीनं विचारलं.

पिटूनं मान हलवली. नाही.

"ऐक पिटू. छान शिवलं म्हणून त्यांनी फाडलं नाही, आणि वाईट शिवलं असतंस तरी थांबल्या नसत्या. त्यांनी फाडलं, कारण त्यांना फाडायचं होतं. तू काही केलं नाहीस. कळलं?"

"पण सांगितलं तर वाढेल," पिटू म्हणाली. "काडीताई पण म्हणाली."

आता सगळ्यांच्या माना काडीकडे वळल्या. काडी जिन्याच्या कठड्याला चिकटून उभी होती.

"तुला माहीत होतं?" थोरली किंचाळली. "घरात एका ताटात जेवता तुम्ही! लाज नाही वाटली? थांब, तुझं..."

"मी बघितलं होतं," काडी म्हणाली. तिचे ओठ पांढरे पडले होते. "एकदा मी खाली जायला निघाले, तर त्यातल्या एकीची मोठी बहीण माझ्या वर्गात आहे, ती म्हणाली, मधे पडलीस तर उद्यापासून तू. म्हणून मी पिटूला म्हटलं, सांगू नकोस. तिचा कोट मीच टोपलीत टाकायचे, तिला बोलणी बसू नयेत म्हणून. मला वाटलं, शिवला की झालं."

"शिवला की झालं!" थोरलीनं हात उगारला.

तो हात धाकटीनं वरच्यावर धरला. गेले कित्येक दिवस तिला या बाईला स्पर्शसुद्धा करायचा नव्हता.

"जाऊबाई, नका. आत्ता बोललीय ती. आत्ता मारलंत तर पुन्हा दोघीही कधी काही सांगायच्या नाहीत." मग थोडं थांबून, "आपणसुद्धा तेच केलं ना? शिवलं की झालं."

थोरलीचा हात हळूहळू सैल झाला. ती धपकन पायरीवर बसली, धाकटीच्या शेजारी. जिना अरुंद होता. दोघींना अंग चोरून बसावं लागलं.

"माझ्या पोरीला काहीतरी झालं असतं ना," ती पुटपुटली, "तर मी अशी शांत राहिले नसते."

"मी शांत नाहीये," धाकटी म्हणाली. "मला फक्त ओरडता येत नाही."

आत्याला हसू आलं, आणि मग पिटूलाही, नाकातून, रडता रडता.

शाळेत कोणी जायचं यावर पुन्हा वाद झालाच. थोरल्याला जायचं होतं, धाकट्याला जायचं होतं, आबांनी तर चपला शोधायला सुरुवात केली होती. शेवटी आत्या म्हणाली, "जिचा कोट तिला विचारा की." पिटूनं बराच विचार केला. बाबा नकोत, ते चिडतील. काका तर नकोतच. "आई आणि काकू," ती म्हणाली. "आणि त्या मुलींना माझ्यासमोर बोलवायचं नाही. आणि मी वर्गात असताना जायचं नाही, सगळ्यांना कळेल. शाळा सुटल्यावर."

"आणि मी," काडी म्हणाली. "मी काय बघितलं ते मी सांगते."

"घाबरणार नाहीस?" थोरलीनं विचारलं.

"घाबरेन," काडी म्हणाली. "पण तू असशील ना?"

आबांनी सवयीनं कोट ओढून घेतला, सुई मागितली. पिटूनं कोटावर हात ठेवला.

"आबा, नको. असाच नेऊया."

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तो कोट टेबलावर फाटका पडून होता. घरात एकालाही त्याच्याकडे बघून चैन पडत नव्हतं. थोरला दोनदा उठून त्याच्यापाशी गेला आणि दोनदा परत आला. आबा तर दोन्ही हात मांडीखाली घेऊन बसले होते.

शाळेतल्या वर्गशिक्षिका तरुण होत्या, थकलेल्या होत्या, आणि मनानं वाईट नव्हत्या. त्यांनी कोट हातात घेतला, उलटा केला, आणि त्या अस्तरावर बोट फिरवत राहिल्या.

"हिचे कपडे नेहमी इतके व्यवस्थित असायचे," त्या म्हणाल्या. "मला कधी काही दिसलंच नाही."

"आम्हालाही नाही," धाकटी म्हणाली. "आम्हीच ते दिसू दिलं नाही."

मग मुख्याध्यापिकांच्या खोलीत काडीनं सगळं सांगितलं. मधेच तिचा आवाज गेला. थोरलीनं पाण्याचा पेला पुढे सरकवला, आणि तिनं पुन्हा सुरुवात केली. मुख्याध्यापिकांनी चष्मा काढून पुसला. मुलींची चेष्टा कधी कधी हाताबाहेर जाते, त्या म्हणाल्या. उद्या सगळ्यांना समोर बसवू, माफी मागायला लावू, हात मिळवायला लावू, विषय संपेल.

"नको," धाकटी म्हणाली. एरवी "नको" म्हणताना ती हसायची, म्हणजे समोरच्याला लागू नये. आज ती हसली नाही. "समोर उभं केलंत तर पिटू हात मिळवेल. आणि परवा मागच्या जिन्यात त्याचं उट्टं निघेल. त्यांच्याशी एकेकट्या बोला. त्यांच्या घरच्यांना बोलवा, आम्ही नसताना. आणि मधल्या सुट्टीत मागच्या जिन्यात कुणीतरी मोठं माणूस उभं राहू दे. काडीच्या वर्गाकडेही लक्ष ठेवा, तिनं आज तोंड उघडलंय. मी पुढच्या आठवड्यात परत येते, काय झालं ते विचारायला."

"आम्ही दोघी येतो," थोरली म्हणाली.

बाहेर पडल्यावर दिसलं, की रस्त्यापलीकडे एका दुकानाच्या काचेसमोर दोन पुरुष पाठमोरे उभे राहून आत टांगलेल्या शर्टाची शिलाई फार बारकाईनं बघत होते.

"येऊ नका म्हटलं होतं ना," थोरली म्हणाली.

"आम्ही कुठे आलोय?" थोरला म्हणाला. "कॉलर बघतोय. किती वाईट बसवलीय."

विषय एका दिवसात संपला नाही. एक मुलगी आईबरोबर येऊन खरंच रडली. एकीच्या वडिलांनी फोनवर "तुमची मुलगी फारच नाजूक" असं ऐकवलं, तेव्हा धाकट्यानं फोन आत्याकडे दिला, आणि आत्यानं त्यांना अतिशय नम्रपणे घाम फोडला. मधे एकदा कुणीतरी पिटूच्या बाकावर "चिंधी" असं कोरलं. पण ते तिनं त्याच संध्याकाळी घरी सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी बाक बदललं. शेजारची मैत्रीण अजून पूर्वीसारखी बोलत नव्हती. पोट मात्र क्वचितच दुखायचं.

थोरल्यानं ठरल्याप्रमाणे दुकान पलीकडे नेलं, आणि मागोमाग बिऱ्हाडही. वाटणी ती वाटणीच. पण टोपली दाराजवळच राहिली, आणि थोरलीच्या घरचं फाटलेलंही रस्ता ओलांडून तिच्यातच यायला लागलं.

एका संध्याकाळी पिटू शाळेतून आली आणि तिनं स्कर्ट टोपलीत टाकला. घेराला हातभर फाटलेला. धाकटीचं मशीन थांबलं. धाकट्याचंही थांबलं. पलीकडून कापड मागायला आलेला थोरला दारातच उभा राहिला. त्यानं हातातली कात्री खाली ठेवावी की नाही, हे त्याला कळेना.

आबांनी स्कर्ट मांडीवर घेतला. धाकटीनं सुईत दोरा ओवून त्यांच्या थरथरत्या बोटांत दिला. आबांनी एकदा सुनेकडे पाहिलं, एकदा नातीकडे. जन्मभर दातांमागे धरून ठेवलेला प्रश्न बाहेर यायला थोडा वेळ लागला.

"कसं गं फाटलं?"

"कुंपणावर," पिटू म्हणाली, आणि दप्तर फेकून त्यांच्या खाटेवर चढली. "चेंडू पलीकडे गेला ना आबा, तर कुणीच आणायला जाईना, तिथे तो कुत्रा असतो, बांधलेला असतो पण दोर केवढा लांब..."

धाकटी तिच्या तोंडाकडे बघत राहिली. गुडघे खरचटलेले होते. हात हवेत चालले होते, कुत्रा केवढा, दोर केवढा. पाठीमागे गेले नव्हते.

आबांच्या हातात सुई तयार होती. पण त्यांनी टाका घातला नाही. तिचं सगळं सांगून होईपर्यंत ते थांबले.